१८० बैठका आणि एक व्हॉल्व्ह: ब्रेस्ट पंप आठ महिने वापरल्यानंतर

कामावर परतले त्या पहिल्याच दिवशी, दुपारी बारा वाजता पंप लावला. पंचवीस मिनिटांनी दोन्ही बाजूंचं मिळून ४० मिली दूध निघालं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मजीवांची साधी चाचणी करायची तरी आम्ही १०० मिली नमुना मागतो. त्याहून कमी आला तर फॉर्मवर ‘नमुना अपुरा’ असा शिक्का मारून परत पाठवतो. त्या दिवशी बाटलीकडे बघताना तो शिक्काच डोळ्यांसमोर आला.

हे परीक्षण पंपाचं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातली यंत्रं आतून जवळपास सारखीच असतात आणि मला ज्या गोष्टी सांगायच्या आहेत त्या कुठल्याही पंपाला लागू पडतात. माझा पंप दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, विजेवर आणि बॅटरीवर चालणारा, तळहातावर मावणारी मोटर असलेला. बंद पद्धतीचा, म्हणजे दूध आणि हवेची नळी यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो आणि दूध मोटरपर्यंत पोचत नाही. पंप घेताना बाकी काही बघितलं नाही तरी हे एवढं बघाच. नळीत एकदा ओल गेली की तिथे बुरशी धरते आणि नळी आतून घासता येत नाही. नळीतली बुरशी म्हणजे काय हे मला नोकरीमुळे माहीत आहे. तुम्हाला ते नोकरीशिवायच कळावं म्हणून सांगतेय.

आधी हिशोब, कारण पंप घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरलं. माझी रजा सोळा आठवड्यांची. त्यातले दोन बाळंतपणाआधीच संपले, कारण रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी घरी बसवलं. म्हणजे परत रुजू झाले तेव्हा लेक चौदा आठवड्यांची होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. सव्वीसातून चौदा गेले, राहिले बारा. बारा आठवड्यांचे कामाचे दिवस साठ. दिवसाला तीन वेळा पंप धरला तर १८० बैठका. एका बैठकीला दूध काढायला वीस मिनिटं आणि जाणं, हात धुणं, जोडणं, पुसणं, भरणं यांना दहा. एकूण नव्वद तास. यंत्राच्या खोक्यावर मोटरची हमी किती महिने हे छापलेलं असतं, हे नव्वद तास कोण देणार ते छापलेलं नसतं.

पंपाच्या बाजारात हे बारा आठवडेच विकले जातात, असं मला आता वाटतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात, तो १८३ क्रमांकाचा, बाळंतपणाची रजा कमीत कमी चौदा आठवडे असावी असं म्हटलंय. एकीकडे चौदा, दुसरीकडे सव्वीस. मधल्या खड्ड्यावर टाकलेली फळी म्हणजे हा पंप. फळी चांगली आहे का, एवढंच मी सांगू शकते. खड्डा का आहे हे पंप बनवणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

तर, फळी.

पहिला पंप मी हा घेतलाच नव्हता. आधी तो ब्राच्या आत बसणारा, बिनानळीचा घेतला. जाहिरातीत बाई पंप लावून फोनवर बोलते, फायली चाळते, हसते. मला वाटलं, नमुन्यांच्या नोंदी करता करता होऊन जाईल. तिसऱ्याच दिवशी खालच्या कप्प्यातली बाटली घ्यायला वाकले आणि त्या वाटीतलं सगळं दूध वरच्या फटीतून माझ्या अंगावर, एप्रनवर आणि नोंदवहीच्या उघड्या पानावर. नोंदवहीवर खाडाखोड चालत नाही आमच्याकडे. चुकीवर एक रेघ, शेजारी सही आणि तारीख, आणि कारण. कारणाच्या जागी काय लिहायचं म्हणून मी पाच मिनिटं पेन धरून उभी होते. ‘द्रव सांडला’ असं लिहिलं. शिवाय त्याच्या वाटीत आत नीट बसलंय की सरकलंय ते दिसत नाही. दिवसभर टेबलाशी सरळ बसून काम करणाऱ्या बाईला तो चालेलही. वाकावं लागणाऱ्या बाईने त्याच्या नादी लागू नये. आणि एक, नमुने हाताळायच्या जागेत पंप लावायचाच नव्हता. चूक माझीच. वेळ वाचवायच्या मोहाने केली.

मग हा नळ्यांचा आणला. सोबत छातीला लावायची दोन मापांची फनेलं येतात, २४ आणि २८ मिलिमीटर. मी सरळ २४चं लावलं, कारण २८ मोठं दिसत होतं. एवढाच विचार. आठवडाभर दुखलं, कडेला लाल वळ उठले आणि दूध ५०-६० मिलीच्या पुढे जाईना. बायका सांगतात तसं ‘ताण घेऊ नकोस, बाळाचा फोटो बघ’ तेही करून झालं. शेवटी घरी फूटपट्टी घेऊन बसले, ती पटेना म्हणून बारीक माप घेणारा व्हर्निअर आणला. स्तनाग्राची रुंदी १६ मिलिमीटर. तळाशी मोजायची, भोवतालचा काळा भाग धरायचा नाही. २४च्या फनेलमध्ये माझा नुसता बोंडाचा भाग नाही, भोवतालचा बराच भाग आत ओढला जात होता. १७चं फनेल वेगळं मागवलं. ते आल्यावर त्याच वेळेला, त्याच खुर्चीवर ९५ मिली. दोन आठवड्यांत सकाळच्या बैठकीला ११०-१२० यायला लागलं. मधल्या काळात मी स्वतःला किती बोल लावले, सासूबाई ‘अगं, नसेल येत तर वरचं देऊ, त्यात काय’ म्हणाल्या तर त्यांच्यावर किती चिडले, ते राहू दे. सात मिलिमीटरचा प्रश्न होता. चौकोनी खोक्यात सगळ्या बायकांसाठी दोनच मापं घालणाऱ्याला मी पहिला तारा तिथेच कापला.

आता यंत्र चालतं कसं, कारण हे कळल्यावर मला त्याच्याशी भांडण थांबवता आलं. सुरुवातीला पंप भरभर, हलके झटके देतो, बाळ चोखायला लागतं तसे. त्याने पान्हा फुटतो. मग झटके सावकाश आणि खोल होतात. माझ्या यंत्रात पहिला टप्पा आपोआप दोन मिनिटं चालतो आणि मग बदलतो. मला पान्हा फुटायला कधी साडेतीन मिनिटं लागायची. यंत्र आपलं दोन मिनिटांनी पुढच्या टप्प्यात जाऊन कोरडंच ओढत बसायचं. पहिल्या टप्प्यावर परत आणायचं बटण असतं, ते माहितीपत्रकात सातव्या पानावर खाली सापडलं. आणि दूध सुरू होऊन, थांबून, पुन्हा एकदा पहिला टप्पा दिला तर दुसरा पान्हाही फुटतो. बैठकीतलं शेवटचं २५-३० मिली मला तिथूनच मिळायचं.

जोर जास्त ठेवला म्हणजे दूध जास्त, हा समज सोडा. पान्हा फोडतं ते ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक, आणि दुखणं, घाई, दारावरची टकटक या तिन्ही गोष्टी त्याला मुळीच आवडत नाहीत. नऊपैकी पाचवर मी आठ महिने काढले. आणि बुडालेली बैठक ‘नंतर एकदम काढू’ म्हणून भरून निघत नाही. दूध जितकं बाहेर काढाल तितकं बनतं, भरून ठेवलं की बनण्याचा वेग शरीर स्वतःच कमी करतं. ऑफिसात ज्यांना वाटतं की मीटिंग अर्धा तास लांबली तर काय बिघडलं, त्यांना हे वाक्य दाखवा. बिघडतं ते संध्याकाळी कळतं, छाती दगडासारखी झाल्यावर. आणि परवा कळतं, बाटलीत.

बाळाला लागतं किती, याचाही एक आकडा डोक्यात असू द्या. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत बाळ दिवसाला साधारण ७५० मिलीच्या आसपास दूध पितं आणि तो आकडा फारसा वाढत नाही. वाढत जाणारी भूक ही वरच्या दुधाच्या डब्यावरच्या तक्त्यातली. मी घरापासून साडेनऊ तास लांब. ७५० ला २४ ने भागून साडेनऊने गुणा: ३०० मिलीला जरासं कमी. म्हणजे तीन बैठकांत मिळून ३०० काढलं की त्या दिवसाची माझी पाटी कोरी. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा पहिल्यांदा झोप नीट लागली. तोवर मी फ्रीझर भरलेला असलाच पाहिजे या समजात होते. कुणीतरी फोटो टाकलेला असतो ना, विटांसारख्या रचलेल्या पिशव्यांचा.

फ्रीझरचं सांगते. रजेच्या शेवटच्या महिन्यात रोज पहाटे, तेव्हा दूध सगळ्यात जास्त असतं, मी एक जादा बैठक करून ३१ पिशव्या गोठवल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ, मिली आणि अनुक्रमांक. सवय. कामावर गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंचा फोन, ‘अगं, हे दूध नासलंय. साबणासारखा वास येतोय आणि ही तोंड फिरवतेय.’ एक नाही, सगळ्याच पिशव्या. नासलेलं नव्हतं. दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते गोठवलेल्या दुधातही स्निग्धांश फोडत राहतं आणि साबणासारखा वास येतो. दूध बाळाला अपायकारक नसतं, पण बाळाला ते पटवून देता येत नाही. कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत तापवून, लगेच गार करून मग गोठवलं तर हा वास येत नाही. मला हे ३१ पिशव्यांनंतर कळलं. मी, जी रोज लोकांना नमुना टिकवण्याचे नियम सांगते, तिने एकसुद्धा पिशवी आधी वितळवून बघितली नव्हती. बघा. एक पिशवी गोठवा, आठवड्याने वितळवा, हुंगा, बाळाला द्या, आणि मगच पहाटेची झोप मोडा.

त्यानंतर गोठवणं बंद. आजचं उद्याला, शुक्रवारचं सोमवारला. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, त्यामुळे हे सहज बसतं. पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं, जीव तुटला तरी. वर सायीचा थर येतो तो खराबी नव्हे, बाटली गोल फिरवली की मिसळतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच कुठेतरी चटका लागेल इतकं तापतं आणि बाहेरून कळत नाही. लेकीने बाटली आठ दिवस घेतलीच नाही. सासूबाईंनी लहान वाटीने पाजली, नंतर तिने बाटलीही घेतली. त्या आठ दिवसांत वाटीने पाजायचं कसब या घरात कुणाला होतं हेही कळलं. मला नव्हतं.

धुणं. पाच सुटे भाग एका बाजूला, म्हणजे दहा, गुणिले तीन. माझ्या मते हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि परीक्षणांत त्याला दोन ओळी मिळतात. काहीजणी भाग न धुता झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवतात आणि दिवसाच्या शेवटी एकदाच धुतात. मी करत नाही. थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. ते पाहणं हेच माझं काम आहे. मी फनेल-व्हॉल्व्हचे तीन संच घेतले, वापरलेला पिशवीत, संध्याकाळी सगळं घरी. घरी धुणं, उकळणं, उन्हात नव्हे तर स्वच्छ जाळीवर हवेने वाळवणं हे नवऱ्याचं खातं. त्याने ते मनापासून केलं. एकदा सोडून.

त्या एकदाची गोष्ट. आयएसओ १७०२५चं, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांच्या मानकाचं ऑडिट होतं, बाहेरचे दोन तपासनीस, सकाळी साडेनऊपासून. मी सव्वादहाला पंप लावला, मोटर सुरू, घरघर व्यवस्थित, आणि ओढ शून्य. उघडून बघते तर डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह नाही. बदकाच्या चोचीसारखा असतो तो, नखाएवढा, पांढरा. सिंकच्या जाळीतून गेला होता, हे रात्री कळलं. एका व्हॉल्व्हविना त्या बाजूला काहीही होत नाही, दोन्ही नळ्या एकाच मोटरला असतील तर दुसरी बाजूही ढिली पडते. दुसऱ्या संचातला काढून लावता आला असता, पण त्या दिवशी मी हुशारी करून एकच संच नेला होता, ओझं कमी म्हणून. हाताने काढलं. बाथरूममध्ये, कागदी कपात, आणि ओतून दिलं, कारण तो कप निर्जंतुक नव्हता. परत येऊन मोजमापातल्या अनिश्चिततेवर प्रश्नांची उत्तरं दिली. बरोबर दिली, बहुतेक. एप्रनच्या आत दोन्ही बाजूंना रुमालाच्या घड्या होत्या.

तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये, पाकीट न फोडलेले चार व्हॉल्व्ह असतात.

व्हॉल्व्हबद्दल आणखी एक, आणि या परीक्षणातली माझ्या मते हीच खरी कामाची गोष्ट. अकराव्या आठवड्यात दूध हळूहळू घसरायला लागलं. १२०चं १००, मग ८०. मला वाटलं, आटतंय. सगळ्यांनाच तसं वाटलं. आमच्याकडे गाळणी यंत्राचा एक जुना निर्वातमापक पडून होता, वापरातून काढलेला. नळीच्या कोरड्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून, काम संपल्यावर, पंपाची ओढ मोजली. कंपनीचा दावा जास्तीत जास्त २८० मिलिमीटर पारा. माझ्या यंत्रावर त्या दिवशी सर्वात वरच्या पायरीला १७०. व्हॉल्व्ह बदलले, तेच यंत्र, तीच नळी: २५०. चोचीची फट उकळून उकळून सैल झाली होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. दुसऱ्या दिवशी ११५ मिली. पत्रकात म्हटलंय, ‘गरजेनुसार बदलावेत’. गरज ओळखायला घरोघरी निर्वातमापक नसतो. दिवसाला तीनदा वापरत असाल तर दोन-अडीच महिन्यांनी डोळे झाकून बदला, आणि दूध कमी झालं म्हणून स्वतःच्या छातीवर संशय घेण्याआधी रबराच्या त्या तुकड्यावर घ्या. कंपनीच्या ग्राहकसेवेला हे आकडे पाठवले. ‘तणावमुक्त राहा’ असं उत्तर आलं. दुसरा तारा तिथे गेला.

पंप लावून बसलं की वाचायला वेळ मिळतो, म्हणून थोडं विषयांतर. स्तनातून दूध काढायच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत ओरवेल नीडहॅम नावाच्या माणसाने १८५४ साली घेतलं. १९२०च्या दशकात एडवर्ड लास्कर या अभियंत्याने विजेवरचा पंप काढला, आणि हा गृहस्थ बुद्धिबळातला नावाजलेला खेळाडू होता. १९५६ साली आयनार एग्नेल या स्वीडिश अभियंत्याने, आईला न दुखवता किती ओढ द्यायची याचा विचार करून यंत्र बनवलं. शंभर वर्षं लागली कुणाला तरी विचारायला, बाई, दुखतंय का? दुसरीकडे १९१९ साली, श्रम संघटनेच्या पहिल्याच वर्षीच्या तिसऱ्या करारात, अंगावर पाजणाऱ्या कामगार बाईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा असं लिहिलं होतं. अर्धा तास! माझी बैठकही अर्ध्या तासाची. फरक इतकाच की त्या अर्ध्या तासात आईच्या मांडीवर बाळ असेल असं त्यांनी धरलं होतं. माझ्या मांडीवर मोटर.

आणि आता खोली. यंत्राच्या परीक्षणात खोली कशाला, असं वाटेल. पण माझ्याकडे नोंदी आहेत. दाराला कडी असलेल्या खोलीत सरासरी १०५ मिली, नसलेल्या खोलीत ७०. यंत्र तेच. आम्हाला मिळाली ती जुन्या रेकॉर्डची खोली, सात वर्षांच्या फायली, एक खुर्ची, एक प्लग आणि कडी नाही. पहिला आठवडा मी खुर्ची दाराला टेकवून बसले. कुणी ना कुणी दार ढकलायचंच, ‘सॉरी सॉरी’ म्हणत. मग दारावर ‘आत ऑडिट चालू आहे’ असा कागद लावला. आमच्याकडे ऑडिट म्हटलं की माणसं पाय न वाजवता जातात. तीन आठवडे तो कागद चालला. मग देखभाल विभागातल्या काकांनी स्वतःहून येऊन कडी बसवली. काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाले, ‘आतून लागते बघा.’ मोटरचा आवाज मात्र फाईलभरल्या खोलीतही बाहेर जातो. जाहिरातीतलं ‘निःशब्द’ खोटं. मशीन घसा खरवडल्यासारखं एकच अक्षर म्हणत राहतं आणि दहाव्या मिनिटाला तुम्हाला त्यात शब्द ऐकू येऊ लागतात. मला ‘काढ-काढ, काढ-काढ’ ऐकू यायचं. बॅटरी सांगितल्याप्रमाणे टिकली, तीन बैठका आरामात. तक्रार नाही.

रजेवर जाण्याआधी आयन क्रोमॅटोग्राफ, पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, माझ्याकडे होता. परत आले तर तो माझ्या हाताखालच्या मुलाकडे आणि मी नमुना-नोंदणीच्या टेबलावर. ‘तुझ्या सोयीसाठीच केलं गं,’ मॅडम म्हणाल्या. मी सोय मागितली नव्हती. महिन्याने यंत्र परत मागितलं तेव्हा, ‘रन चालू असताना तू मधेच उठून जाणार, मग?’ आता हे यंत्र ज्यांना माहीत आहे ते हसतील. नमुने चकतीत लावून क्रम दिला की ते रात्रभर एकटं चालतं. एक नमुना वीस मिनिटं. दूध काढायला मलाही वीसच मिनिटं. मी उठून गेलेलं त्या यंत्राला कळणारसुद्धा नाही. हे तोंडी सांगून उपयोग नव्हता, म्हणून पंधरा दिवसांचा तक्ता केला: डाव्या रकान्यात त्या मुलाने लावलेले क्रम आणि तो यंत्राजवळ प्रत्यक्ष असलेल्या वेळा, उजव्या रकान्यात माझ्या बैठका. तो चहाला, फोनला, जेवायला गेलेला वेळ माझ्या नव्वद मिनिटांहून जास्त होता. त्याचा दोष नाही, तेवढी मोकळीक त्या कामात आहेच. मॅडमनी तक्ता बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, ‘माझ्या वेळी मी बेसिनमध्ये पिळून सोडून द्यायचे. सव्वादोन महिन्यांत आटलं.’ आणि तक्त्यावर सही केली. यंत्र पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे आलं. गेलेल्या बढतीच्या फेरीबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. ती फेरी मी रजेवर असताना झाली होती.

मग घ्यावा का? कामावर परतायचं असेल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर हो, नळ्यांचा, बंद पद्धतीचा, दोन्ही बाजूंचा. पण परतण्याआधी तीन आठवडे घ्या, आदल्या दिवशी नव्हे. फनेल मोजून घ्या. व्हॉल्व्ह जादा घ्या. आणि पंपाच्या आधी ऑफिसात खोली आणि वेळा लिहून घ्या, तोंडी नको. बाराव्या आठवड्याअखेर माझ्या १७१ बैठका झाल्या, १८० नाही. नऊ बुडाल्या: ऑडिटच्या दोन, एक दिवस वीज आणि बॅटरी दोन्ही संपल्याने, बाकी मीटिंगा. सहा महिन्यांनंतर लेक वरचं खाऊ लागली तशा तीनाच्या दोन, दोनाची एक झाली, आणि पंपाच्या आठव्या महिन्यात एका गुरुवारी मी पंप घरीच विसरले आणि दिवसभर आठवणही झाली नाही. संध्याकाळी दारात लेकीने गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढली, तेव्हा आठवलं. आता ती सकाळी आणि रात्री अंगावर पिते, यंत्राची गरज नाही. पाचपैकी तीन तारे. अडीच देणार होते, बॅटरीसाठी अर्धा वाढवला.

मागच्या आठवड्यात सूक्ष्मजीव विभागातली एकजण आली. सातवा महिना. ‘ताई, तुमचा पंप झाला ना वापरून? मला द्याल?’ नाही म्हटलं. हा पंप एकीनेच वापरायचा आहे असं बनवणाऱ्यानेच लिहिलंय, आणि दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या तोंडी जाणारं दूध माझ्या पंपातून जाऊ द्यायला माझं मन होत नाही. तिचा चेहरा पडला. मग तिला ड्रॉवर उघडून न फोडलेल्या व्हॉल्व्हचं पाकीट दिलं, माप जुळलं तर. व्हर्निअर दिला. फ्रिजच्या वरून दुसऱ्या कप्प्यावर माझ्या नावाची पट्टी अजून आहे, ती काढली नाहीये. तिला म्हटलं, तू रुजू होशील त्या दिवशी नाव तेवढं बदल. कागदही आहे अजून, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. ऑडिटचा.